दहाव्याला दिलेला शब्द

भावाचा खून पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला. पेट्रोल पंपावर रांगेवरून बोलाचाली झाली. समोरच्या माणसाने गाडी मागे घेतली आणि मग त्याच्या अंगावर आणली. दवाखान्यात पोचायच्या आत भाऊ गेला.

घडलं ते एवढंच. बाकीचं सगळं नंतर घडलं, आणि लोकांच्या लक्षात राहिलं आहे ते बाकीचंच.

नावं मी घालत नाही. आमची नावं टीव्हीच्या खालच्या पट्टीतून पुरेशी फिरली. कोर्ट कोणत्या गावचं हेही लिहीत नाही, कारण तिथल्या दोन माणसांना आमच्यामुळे झालेला त्रास अजून संपलेला नाही.

पंपावर कॅमेरा होता. शिवाय गाडीतला माणूस मोठ्या घरातला होता. त्या घरातल्या वाढदिवसांचे फलक तालुक्यातल्या चौकाचौकांत लागतात. त्यामुळे खटला मोठा झाला. चॅनलवाले वारूळवाडीला आमच्या वस्तीवर आले, गोठ्यासमोर उभे राहून बोलले आणि जाताना शेजाऱ्यांकडून टोमॅटो घेऊन गेले. पंपावरचं ते दृश्य आईने एकदाच पाहिलं. वडील मात्र ते लागलं की दर वेळी पाहायचे. या वेळी गाडी थांबेल अशा बेताने पुढे सरकून बसायचे.

भाऊ पिकअपवर होता. लोकांचा माल नारायणगावच्या बाजारात पोचवायचा. पुस्तकांशी त्याचा संबंध माझ्यापुरताच होता. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणून तो मला वाचनालय म्हणायचा. फोन केला की विचारायचा, "काय वाचनालय, उघडं का बंद?" आणि मी उत्तर देईपर्यंत कामाचं बोलायला लागायचा.

खटला चालू झाल्यावर वडिलांनी एकही तारीख चुकवली नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाक होतं, त्यावर ते बसायचे. तिथे एक बेलीफ होते. बेलीफ म्हणजे कोर्टाची समन्सं नि नोटिसा घरोघर नेऊन देणारा माणूस. हे बेलीफ राजुरीचे, आणि राजुरी हे आईचं माहेर. आमच्याकडे आईच्या गावचा प्रत्येक पुरुष मामा असतो, त्याला नात्याची गरज लागत नाही. त्यामुळे ते माझे मामा झाले, आईचे दादा झाले आणि वडील त्यांचे दाजी झाले. त्यांनी आमच्यासाठी केलं ते इतकंच, की उन्हाळ्यात वडिलांचं बाक पंख्याखाली सरकवलं. खटल्याबद्दल ते कधी काही सांगत नसत. साहेब रजेवर आहेत, एवढं सांगायचे, आणि ते तर फळ्यावर लिहिलेलं असायचं.

साक्षीपुरावे संपले. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद सुरू झाले. अशाच एका तारखेहून परत आल्यावर वडिलांनी आईला चहा टाकायला सांगितला आणि चहाला उकळी येईपर्यंत ते गेले.

दहावा मीना नदीच्या घाटावर केला. जुन्नर-आंबेगावकडचा दहावा ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे तो अर्धा विधी असतो आणि अर्धी सभा असते. आधी प्रवचन होतं, मग श्रद्धांजली. एक निवेदक असतो. तो आलेल्या मान्यवरांची नावं घेतो आणि कुणाचं नाव राहिलं तर माफी मागतो. निवडणूक जवळ असली की इच्छुक माणसं एका सकाळी चार चार घाट करतात. त्या दिवशीही काही जण ओझरकडचा एक दहावा उरकून आमच्याकडे आले होते आणि एकाने बोलताना आधीच्याच मयताचं नाव घेतलं. हल्ली दहावा मोबाइलवरून थेट दाखवतात, मुंबईच्या नि परदेशातल्या नातेवाइकांना दिसावा म्हणून. आमचाही दाखवत होते.

मी पिंड ओट्यावर ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळे समोरच्या बाभळीवर होते. ते तिथेच बसून राहिले.

कावळा शिवत नाही तेव्हा गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे असं धरतात, आणि ती पुरी करू असा कुणीतरी शब्द देतो. मी म्हणालो, आईला अंतर देणार नाही. हे मनाशी म्हणायचं असतं, पण निवेदकाकडे कॉर्डलेस माईक होता आणि तो त्याने माझ्या तोंडापुढे धरला. मग तो माईक घेऊन एकेकाकडे फिरला. आमच्या चुलत्यांचं नि वडिलांचं विहिरीच्या पाळीवरून बरीच वर्षं वाकडं होतं. चुलते म्हणाले, विहिरीचं पाणी आठवड्यातून दोन दिवस तुझ्या घरच्यांना देतो. आतेभाऊ म्हणाला, घरावरचा स्लॅब दिवाळीच्या आत टाकून देतो. एका इच्छुक उमेदवाराने वस्तीचा रस्ता मंजूर झाल्याचं जाहीर केलं. कावळ्यांपैकी कुणी हललं नाही.

वडिलांची इच्छा काय राहिली होती हे घाटावर प्रत्येकाला माहीत होतं. पण ती पुरी करणं कुणाच्याच हातात नव्हतं, म्हणून सगळे स्लॅबबद्दल बोलत होते.

उन्हं वर आली. पंगतीचा भात उतरवून ठेवलेला होता. लोक घड्याळं पाहायला लागले. तेव्हा निवेदकाला गर्दीत बेलीफमामा दिसले. त्याने जाहीर केलं, की न्यायालयातले वरिष्ठ अधिकारी आपल्यामध्ये उपस्थित आहेत. मामा मागे सरत होते, पण माईक त्यांच्यापर्यंत पोचला. ते पिंडाकडे पाहून म्हणाले, "दाजी, फाशीचं न्हाई सांगत. पन जन्मठेप लागनार. मी कोर्टातला मानूस सांगतोय. आता या."

एक कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच लावली. बायका रडल्या. निवेदकाने आभार मानले.

निकाल त्यानंतर काही आठवड्यांनी लागला. जन्मठेप झाली.

आम्हाला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. आईने वडिलांच्या फोटोपुढे दिवा लावला, मी कॉलेजात गेलो. त्याच आठवड्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की दहाव्याचं चित्रण अजून मोबाइलवर आहे. एका चॅनलने ते दाखवलं आणि खाली लिहिलं, निकाल आधीच ठरला होता का? न्यायालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याचं विधान, असंही लिहिलं. ते वरिष्ठपण निवेदकाने दिलेलं होतं.

आरोपीकडच्या लोकांनी तक्रार केली आणि तिच्यावरून चौकशी लागली. तक्रारीत दोन नावं होती. एक बेलीफमामांचं, दुसरं कोर्टातल्या लघुलेखिकेचं. ती मंचरहून यायची, न्यायाधीश सांगतील तो मजकूर टाइप करणं हे तिचं काम. ती आणि मामा कधी कधी एकाच जीपने येत. तेव्हा निकालपत्र तिने टाइप केलं, जीपमध्ये त्यांना सांगितलं आणि त्यांनी घाटावर जाहीर केलं, असा आरोप होता. बेलीफ मयताचा मामा आहे, हाही एक मुद्दा होता.

आम्हाला सल्ला देणारे एक वकील होते. त्यांनी मला समजावून सांगितलं. दहाव्याच्या दिवशी युक्तिवादही संपले नव्हते, म्हणजे निकालपत्र टाइप झालेलं असणं शक्य नव्हतं. मला वाटलं, मग प्रश्न मिटला. ते म्हणाले, उलट वाढला. टाइप होण्याआधी शिपाई-बेलीफांनासुद्धा शिक्षा माहीत होती म्हणजे कोर्टाने ती ऐकून घेण्याआधीच ठरवली होती, असं ते हायकोर्टात म्हणणार. ते मान्य झालं तर निकाल रद्द होऊ शकतो, खटला पुन्हा चालू शकतो, आणि आरोपी तोवर बाहेर येऊ शकतो.

मी विचारलं, "मग करायचं काय?"

"बेलीफ बोलले ती माहिती नव्हती, नुसता शब्द होता, हे दिसलं पाहिजे," वकील म्हणाले. "घाटावर माणसं असं बोलतातच, हे चौकशीत आलं पाहिजे." मग त्यांनी विचारलं, "बाकीच्यांनी दिलेले शब्द पाळले गेलेत का?"

मी नाही म्हणालो. त्यांना बरं वाटलं.

घरी येऊन मी चुलत्यांना सांगितलं, की चौकशीला या आणि विहिरीचं पाणी देतो म्हणालो होतो पण दिलं नाही, एवढं सांगा. ते ओट्यावर तंबाखू मळत होते. ते थांबले.

"म्हंजी मेलेल्या भावाला मी खोटं बोललो, असं सरकारला लिहून द्यायचं?"

मी म्हणालो, सरकारला नाही, कोर्टाला.

"मंग तर झालंच," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाफ्यांत पाणी आलेलं होतं. इतक्या वर्षांनंतर चुलत्यांनी विहिरीची पाळी दिली होती. आतेभावानेही स्लॅबसाठी खडीचा एक ट्रॅक्टर आणून टाकला. रस्त्याचं मात्र कुणी काही केलं नाही. मी वकिलांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "इतके दिवस दिलं नाही, ते आताच कशाला सुरू करतात?" मी हे चुलत्यांना जसंच्या तसं सांगितलं. पाणी बंद झालं. त्या वर्षी आमचा कांदा पोसला नाही.

खरी अडचण आईची होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, की दादाला, म्हणजे बेलीफमामांना, सगळं ठाऊक होतं, कारण कावळा खोट्यावर बसत नाही. हे तिने एका मोबाइलवाल्या पत्रकारालाही सांगितलं होतं आणि तेही फिरत होतं. तेव्हा चौकशीला तिलाही बोलावलं.

आदल्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, की तू फक्त जे ऐकलंस तेवढं सांग, तुला काय वाटतं ते सांगू नकोस. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "मला शिकवू नको. तू तुजी पुस्तकं लाव."

मी तिला खटला पुन्हा चालला तर काय होईल ते सांगितलं. साक्षी पुन्हा होतील. पंपावरचं चित्रण पुन्हा लावतील. तिने लसूण सोलणं थांबवलं नाही.

चौकशीसाठी बाहेरून एक न्यायाधीश बाई आल्या होत्या. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. समोर बेलीफमामा इस्त्रीच्या शर्टात उभे होते आणि लघुलेखिका खाली मान घालून बसली होती. दुसऱ्याच कुणाला टाइप करताना पाहणं तिला जड जात असावं. टाइप करणारा अडला, की तिची बोटं मांडीवर हलायची.

आधी मामांना विचारलं. निकाल माहीत होता का? नव्हता. मग तसं का बोललात? ते म्हणाले, कावळा येत न्हवता, मानसं ताटकळली व्हती, आन् त्या पोरानं माईक तोंडात घातला. बाईंनी विचारलं, की मग फाशी नाही, जन्मठेप, इतकं नेमकं कसं सांगितलंत?

"फाशी म्हनलो असतो तर दाजींना पटलं नसतं," मामा म्हणाले.

मग माझी पाळी आली. घाटावर कोण काय बोललं ते मी क्रमाने सांगितलं. बाई एकेक विचारत गेल्या. रस्ता झाला का? नाही. स्लॅब झाला का? नाही, खडी येऊन पडली आहे. विहिरीचं पाणी मिळालं का? मी सांगितलं, की चौकशीची नोटीस आल्यावर आठवडाभर मिळालं, मग बंद झालं. बंद का झालं? वकिलांनी आताच कशाला म्हटलं म्हणून, असं मी सांगितलं. आमचे वकील खिडकीबाहेर पाहत होते. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

"तुम्ही स्वतः काय शब्द दिला होता?"

"आईला सांभाळीन म्हणालो होतो."

"ते?"

"चालू आहे."

चालू आहे, असं त्यांनी टाइप करायला सांगितलं.

शेवटी आई उभी राहिली. तिला खुर्ची दिली होती, पण ती बसली नाही. बाईंनी विचारलं, "बेलीफांना निकाल आधीच माहीत होता, असं तुम्ही लोकांना सांगितलंत?"

"सांगितलं."

मामांनी डोळे मिटले. मी वहाणांकडे पाहत होतो.

"त्यांनी स्वतः कधी तुम्हाला तसं सांगितलं होतं का?"

"न्हाई. त्याला काय कळतंय? त्यो समन्सं वाटतो."

"मग माहीत होतं असं कशावरून म्हणालात?"

"मी चुकीचं म्हनले," ती म्हणाली. "मी लई इचार केला त्याच्यावर. ह्यो नुसता बोलला. ठावं व्हतं ते ह्यांना. गेलेल्या मानसाला पुढचं दिसतं. म्हनून तर ते आले."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग टाइप करणाऱ्याला हळूहळू सांगितलं, "बेलीफ यांनी निकालाबाबत माहिती असल्याचे मला कधीही सांगितले नाही. माझे आधीचे म्हणणे केवळ समजुतीतून होते." उरलेलं घेतलं नाही. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ह्यांचं राहिलं. बाई म्हणाल्या, ते माझ्या लक्षात आहे. आईने सही केली.

बाहेर आल्यावर लघुलेखिका जिन्यापाशी भेटली. इतक्या तारखांत मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. काय बोलावं कळेना म्हणून मी म्हणालो, तुम्हाला विनाकारण त्रास झाला. ती म्हणाली, "सर, तुमच्या कावळ्याने माझी बदली केली." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मुलाला मंचरच्या शाळेत घातल्याला तीनच महिने झाले होते, असंही म्हणाली.

चौकशीचा अहवाल आला. निकाल फुटल्याचं सिद्ध झालं नाही. लघुलेखिका निर्दोष ठरली, पण बदली झाली होती ती तशीच राहिली. मामांना चालू खटल्यावर जाहीर बोलल्याबद्दल दोषी धरलं. त्यांची वेतनवाढ रोखली आणि त्यांना लांबच्या कोर्टात पाठवलं. ते भाऊबिजेला आले होते. आईने ओवाळलं. ते म्हणाले, "अक्का, ह्यापुढं कुनाच्या दहाव्याला गेलो तरी पार मागं उभा राहनार." आई म्हणाली, मागं उभा राहा, पन जा. चुलते त्यांच्याशी बोलले नाहीत. मेलेल्या माणसाला नुसतं बोललो असं मामांनी कोर्टात कबूल केलं, जे चुलत्यांनी नाकारलं होतं, याचा त्यांना राग आहे, असं मला वाटतं. पाणी त्यांनी पुन्हा सुरू केलेलं नाही. आता ते दिलं तरी कुणाची हरकत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं.

लोक आम्हाला कावळ्यावाले म्हणून ओळखतात. बाजारात, एसटीत, कॉलेजात. नव्या वर्षाची मुलं ग्रंथालयात येतात, माझ्याकडे पाहून आपसांत कुजबुजतात आणि मोबाइल काढतात. त्या चित्रणात मी टक्कल केलेला, पंचा नेसलेला असा कडेला उभा आहे. भाऊ त्यात कुठेच नाही. चौकशीची कागदपत्रं मी वाचली, कारण वाचणं मला जमतं. त्यात कावळा हा शब्द पानोपान आहे. माईक आहे, भात आहे, स्लॅबची खडी आहे. भाऊ सगळ्यांत मिळून एकाच जागी आला आहे. तिथे त्याला मयत म्हटलं आहे, आणि पुढच्या ओळीत मयत म्हणजे वडील, त्यामुळे तो कोणता मयत हे नीट पाहावं लागतं. मी शिसपेन्सिलीने त्याच्यावर बारीक खूण केली. दुसऱ्याच्या पुस्तकात मी कधी खूण करत नाही, पण ही प्रत माझी होती.

आरोपीने हायकोर्टात अपील केलं आहे. दहाव्याचं चित्रण त्या अपिलाला जोडलं आहे. मामांचं बोलणं इंग्रजीत भाषांतर करून दिलं आहे. त्यात दाजी या शब्दाला ब्रदर-इन-लॉ म्हटलं आहे, आणि त्यावरून पुढे काय होईल हे वकिलांना सांगता येत नाही. चौकशीचा अहवाल हायकोर्टावर बंधनकारक नाही, हेही त्यांनी सांगितलं. आईला मी यातलं अर्धं सांगितलं. तिने विचारलं, "आता परत कुनी मला बोलवनार का?" मी म्हणालो, बहुतेक नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

अपील अजून सुनावणीला आलेलं नाही. जामिनाचा अर्ज एकदा फेटाळला गेला आहे, दुसरा दाखल आहे. आज तरी जन्मठेप कायम आहे.